डीएससीची सही आणि एन्क्रिप्शन: तुमची फाइल कोणाकोणाला वाचता येते?

टिळक रोडवरचं सीएंचं ऑफिस असो नाहीतर भोसरीतलं वर्कशॉप, डीएससीबद्दल, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटबद्दल, एक वाक्य हमखास कानावर येतं: "ताळेबंद मेल केलाय साहेब, डीएससी लावूनच पाठवलाय, काळजी नको." उत्तम. पण तो मेल चुकून भलत्याच पत्त्यावर गेला, तर तिथला माणूस ताळेबंद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत निवांत वाचेल, आणि वर सही खरी असल्याची खात्रीही करून घेईल.

डीएससीचं पुराण लावत नाही. यूएसबी टोकन, त्याचा पिन, मुदत संपली की होणारी धावपळ, 1 जानेवारी 2021 पासून क्लास टू प्रकारची डीएससी देणं बंद झालं, हे तुम्हाला पाठ आहे. टोकनमध्ये तुमची प्रायव्हेट की, म्हणजे फक्त तुमच्याकडे राहणारी गुप्त किल्ली, असते आणि सही तिनेच होते. त्या सहीतून दोनच गोष्टी कळतात: सही कोणाची आणि सहीनंतर कागदात फेरफार झाला का. मजकूर उघडाच राहतो. सही ठोकलेलं पोस्टकार्ड पोस्टमनला वाचता येतंच. सही करताना पिन मागतात म्हणून फाइलला पासवर्ड बसला असं पुष्कळांना वाटतं. तो पिन टोकनचा, फाइलचा नव्हे.

एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे फाइल कुलूपबंद करण्यात, सगळं उलटं होतं, आणि नेमकं इथेच भले भले अडकतात. "मी की बनवली, आता पाठवू का फाइल?" नाही! समोरच्याने बनवली आहे का, ते आधी विचारा. फाइल बंद होते ती ज्याला पाठवायची त्याच्या पब्लिक कीने, म्हणजे त्याने सगळ्यांना वाटायच्या जोडकिल्लीने, आणि उघडते फक्त त्याच्या प्रायव्हेट कीने. तुमची की कामाला येते ती लोकांनी तुम्हाला पाठवलेलं उघडायला. सही तुमच्या कीने, एन्क्रिप्शन त्याच्या. इतकं डोक्यात बसलं तर निम्मे फोन कमी होतील.

यातूनच पुढची गंमत होते: बंद केलेली फाइल मग तुम्हालाही उघडत नाही. क्लिओपात्रा या कीज सांभाळणाऱ्या आणि फाइल एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत सहीसाठी, स्वतःसाठी आणि इतरांसाठी असे वेगवेगळे चौकोन असतात. माझ्या मते तिन्हींवर टिक हवी. आणि समोरच्याची पब्लिक की आली की तिचा 40 अक्षरी फिंगरप्रिंट, म्हणजे त्या कीची ओळखखूण, त्याला फोन करून वाचून दाखवायला सांगा. की आली त्याच मेलमध्ये फिंगरप्रिंट मागवणं म्हणजे चोरालाच ओळखपत्र विचारणं.

ई-टेंडर भरणाऱ्यांनी तर गोंधळूच नये. त्यांच्या कॉम्बो टोकनमध्ये सहीचं आणि एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट वेगळं असतं, ते उगाच नव्हे.

एन्क्रिप्शनसाठी सॉफ्टवेअर कुठलं, पीजीपी का जीपीजी? पीजीपी फिल झिमरमन यांचं, 1991 चं. जीपीजी त्याच धर्तीचं मोफत सॉफ्टवेअर, क्लिओपात्रा त्यावरच चालतो. जीपीजी घ्या आणि पुढे चला. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये 2020 च्या 78व्या आवृत्तीपासून ही सोय आतच आहे, पण तो आपल्या कीज वेगळ्या ठेवतो, त्यामुळे क्लिओपात्रात बनवलेली की तिथे इम्पोर्ट करावी लागते.

झिपला पॅन नंबरचा पासवर्ड देऊन "पासवर्ड तुमचा पॅन" असं त्याच मेलमध्ये लिहिणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. त्याहून वर "दोन्ही कीज व्हॉट्सॲप केल्यात, लागेल ती वापरा" म्हणणारे. प्रायव्हेट की एकदा बाहेर गेली की ती बाद. रद्द करायची, नवी बनवायची आणि सगळ्यांना नवी पब्लिक की पाठवायची. फक्त पब्लिक.