टर्मक्समधल्या खोट्या ‘रूट’ची पार्श्वभूमी

जळगावात कॉट बेसिसवर राहणारी, लॅपटॉप नसलेली कॉम्प्युटरची काही पोरं मोबाइलवरच डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, चालवतात. टर्मक्स (अँड्रॉइडवर लिनक्सच्या कमांड चालवू देणारं ॲप) टाकायचं, त्यात प्रूट नावाचा प्रोग्राम, आणि ‘मी कोण?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘रूट’, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता. फोन मात्र रूट केलेला नसतो. अँड्रॉइडच्या दप्तरी त्या ॲपचा नंबर 10000 च्या पुढचाच असतो. मग रूटचा शून्य नंबर सांगतं कोण?

फाइल उघडायची असो की स्वतःचा नंबर विचारायचा असो, प्रोग्रामला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, सिस्टिम कॉल (कामाची विनंती) करावाच लागतो. प्रूट आडत्यासारखं मध्ये बसतं. कॉल निघाला की प्रोग्रामला थांबवतं, गरज पडल्यास फाइलचा पत्ता बदलतं, आणि कर्नलचं उत्तर परत येताना तेही बदलून पुढे सरकवतं.

हे ज्याच्या जोरावर चालतं, ते पीट्रेस (एका प्रोग्रामला दुसऱ्यावर नजर ठेवू देणारी कर्नलची सोय) या कामासाठी जन्मलंच नव्हतं. 1975 च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ते आलं डीबगरसाठी, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या अवजारासाठी. एका खेपेत मेमरीतला एकच वर्ड (छोटा तुकडा) वाचता यायचा. सिस्टिम कॉलपाशी थांबवण्याची सोय नंतरची, सनओएस (सन कंपनीचं युनिक्स) आणि लिनक्समधली. 1991 मध्ये पॉल क्रॅननबर्ग यांनी सनओएससाठी एसट्रेस हे सिस्टिम कॉलची यादी दाखवणारं अवजार लिहिलं. ते फक्त बघायचं, लुडबुड करायचं नाही.

बघणाऱ्याला पहारेकरी करायचा मोह मग झालाच. 1996 मध्ये बर्कली विद्यापीठात सोलॅरिसवर (सनच्याच पुढच्या युनिक्सवर) नको ते कॉल अडवणारं ‘जॅनस’ झालं, पुढे नील्स प्रोव्होस यांचं ‘सिसट्रेस’ आलं. पण 2007 मध्ये सुरक्षा संशोधक रॉबर्ट वॉटसन यांनी अशा पहाऱ्यातली मेख दाखवली. काट्यावर वजन झालं, पावती फाटली, आणि गोदामात जाईपर्यंत पोतंच बदललं, तर? इथेही तसंच. पहारेकरी मेमरीतलं फाइलचं नाव तपासतो, कर्नल तेच नाव पुन्हा वाचतो, आणि या दोहोंच्या मध्ये त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड (सोबतच चालणारा भाग) ते बदलून मोकळा होतो. 2016 मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने सिसट्रेस काढूनच टाकलं. माझ्या मते थोडा उशीरच झाला.

लिनक्सने पहारा कर्नलमध्येच नेला. आंद्रेआ आर्कांजेली यांचं 2005 चं सेककॉम्प फक्त चार कॉल चालू द्यायचं, म्हणजे वापरायला जवळपास निरुपयोगी. 2012 मध्ये, लिनक्स 3.5 पासून, त्याला कोणते कॉल चालू द्यायचे ते ठरवणारे फिल्टर मिळाले. फिल्टर कॉलचा क्रमांक आणि रजिस्टरमधले (प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांतले) आकडे एवढंच पाहतो. मेमरीतल्या नावाकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून पोतं बदलण्याची युक्ती तिथे लागू पडत नाही. 2019 च्या लिनक्स 5.0 ने कॉलचा निर्णय दुसऱ्या प्रोग्रामवर सोपवण्याची मुभा दिली, पण सुरक्षेची भिस्त यावर ठेवू नका, असं त्याचं मॅन्युअलच बजावतं. कारण तेच, पोतं.

प्रूटला पहारा द्यायचा नसतो, सोंग वठवायचं असतं, म्हणून पीट्रेस त्याला पुरतं. फक्त दर कॉलला दोनदा थांबणं महाग पडतं. त्यावर तोड म्हणून प्रूट सेककॉम्पचाच फिल्टर लावतं आणि कामाचे तेवढेच कॉल अडवतं. तरी हजारो बारीक फाइलींचं पॅकेज उलगडायला लागलं की पोरं फोन चार्जिंगला लावून मेसवर जेवायला जातात.