गर्भव्यंग सोनोग्राफी

गर्भाच्या शरीररचनेत काही जन्मजात दोष आहे का, हे पाहण्यासाठी गरोदरपणाच्या साधारण १८ ते २० व्या आठवड्यात केली जाणारी श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनीची तपासणी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिला ‘अ‍ॅनोमली स्कॅन’, ‘टिफा’ किंवा ‘लेव्हल टू’ म्हणतात. घरोघरी ती ‘पाचव्या महिन्याची सोनोग्राफी’ असते. एरवीच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके, वाढ, वारेची जागा आणि गर्भजल पाहिले की काम भागते. या तपासणीत मात्र डोक्यापासून पावलांपर्यंत एकेक अवयव ठरलेल्या छेदांतून, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या कापांतून, पाहिला जातो. दर १०० जन्मांमागे २ ते ३ बाळांमध्ये गंभीर रचनादोष आढळतो आणि अशी बहुतेक बाळे घराण्यात काहीही इतिहास नसलेल्या, धडधाकट आईबापांच्या पोटी येतात. त्यामुळे ही तपासणी जोखमीच्या गरोदरपणापुरती न ठेवता सर्वांनाच सुचवली जाते.

आठवडा नेमका हाच का, याचे उत्तर निम्मे शरीरशास्त्रात आहे आणि निम्मे गर्भपाताच्या कायद्यात (तो भाग पुढे येतो). फार लवकर पाहिले तर हृदयाच्या झडपा आणि रक्तवाहिन्या नीट वेगळ्या दिसत नाहीत. फार उशिरा पाहिले तर हाडे टणक होऊन त्यांची सावली आतल्या अवयवांवर पडते, आणि दोष सापडला तरी विचार करायला वेळ उरत नाही. २० व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल भरपूर असते, बाळ मोकळे फिरते आणि मांडीचे हाड सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास असते. लहान मेंदूची रुंदी तर या काळात मिलिमीटरमध्ये जेवढी भरते, जवळपास तेवढेच आठवडे झालेले असतात. सोनोलॉजिस्टला, म्हणजे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला, हा ताळा फार उपयोगी पडतो.

या तंत्राचा उगम जहाजे आणि बॉयलर बांधणाऱ्या ग्लासगो शहरातला. धातूच्या जोडातील भेगा शोधायला तिथल्या कारखान्यांत ध्वनिलहरींचे यंत्र वापरत. प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत भरून रेनफ्रूच्या बॉयलर कारखान्यात घेऊन गेले आणि त्या यंत्रावर तपासल्या. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा दिला होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे तिथे दिसले. जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गर्भातले व्यंग ओळखून त्यावर निर्णय घेण्यापर्यंत मजल जायला आणखी चौदा वर्षे लागली. १९७२ मध्ये लंडनला स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी १७ आठवड्यांच्या गर्भात कवटी तयारच न झाल्याचे निदान केले.

कवटी नसणे आज कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. कण्याची फट मात्र अवघड, कारण ती कधी कधी एकदोन मणक्यांपुरतीच असते आणि बाळ पाठ टेकून पडले असेल तर दिसतही नाही. १९८६ मध्ये निकोलायडिस, कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कण्याचा दोष डोक्यात शोधता येतो. मज्जारज्जूभोवतीचे पाणी फटीतून झिरपते, मेंदू खाली ओढला जातो आणि कवटीची पुढची हाडे आत दबतात. आडव्या छेदात डोके लिंबासारखे टोकदार दिसते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला. ‘लेमन साइन’ आणि ‘बनाना साइन’ ही नावे तेव्हापासून रूढ आहेत. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे पुरते कळायच्या आत. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात त्या याचसाठी. पाचव्या महिन्यात फट सापडल्यावर सुरू केलेल्या गोळ्या ती बुजवत नाहीत.

हृदय हा या तपासणीचा सर्वांत कठीण भाग. जन्मजात हृदयदोष हजारी आठ बाळांत असतात, म्हणजे दोषांमध्ये संख्येने आघाडीवर. चारही कप्पे एका छेदात दिसले की पूर्वी ‘हृदय ठीक’ असे लिहीत. पण दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली असेल तर चार कप्प्यांचे चित्र बऱ्याचदा अगदी व्यवस्थित असते. म्हणून आता डाव्या-उजव्या कप्प्यांतून निघणाऱ्या वाहिन्या एकमेकींना छेदून जातात का, हे वेगळे पाहतात. हा दोष आधी कळल्याचा फायदा रोकडा आहे: बाळंतपण हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवता येते आणि जन्मल्याबरोबर औषधाने एक वाहिनी उघडी ठेवून बाळाला वाचवता येते.

ओठाबद्दल थोडे सविस्तर. ग्रहणात गरोदर बाईने विळी-सुरी हातात धरली तर बाळाचा ओठ चिरतो, ही समजूत महाराष्ट्रात अजून आहे आणि दुभंगलेल्या ओठाचा रिपोर्ट आला की घरात पहिला संशय आईच्या हातावरच घेतला जातो. ओठाचे भाग सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतात. ते का जुळत नाहीत यामागे जनुके, काही औषधे, धूम्रपान अशी अनेक कारणे आहेत, ग्रहण त्यांत नाही. नाकपुड्या आणि वरचा ओठ एका चौकटीत धरला की फट स्पष्ट दिसते. नुसती टाळूची फट मात्र हाडांच्या सावलीत लपते आणि बहुधा जन्मानंतरच कळते. दोन्हींवर शस्त्रक्रिया चांगली होते.

‘नॉर्मल’ रिपोर्टचा अर्थ लोक जेवढा समजतात तेवढा मोठा नाही. १९९० च्या दशकात युरोपातील ६१ रुग्णालयांत झालेल्या युरोफीटस अभ्यासात एकूण दोषांपैकी ५६ टक्के जन्माआधी सापडले. मोठ्या दोषांत हे प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास होते. त्याआधी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील रेडियस चाचणीत, १५ हजारांवर स्त्रियांमध्ये, सरसकट सोनोग्राफी करूनही ३५ टक्केच दोष सापडले होते. यंत्रे तेव्हापासून खूप सुधारली, तरी निकाल अजूनही पाहणाऱ्याचा हात, दिलेला वेळ, पोटावरची चरबी आणि बाळाची स्थिती यांवर अवलंबून राहतो. बाळ नको त्या कुशीवर असेल तर ‘जरा फिरून या, काही गोड खा’ असे सांगून परत बोलावतात. याला तपासणीतली हयगय समजू नये. घाईने दिलेला रिपोर्ट अधिक धोक्याचा. बहिरेपणा, स्वमग्नता, थॅलसेमिया यांतले काहीच या चित्रात दिसत नाही.

एक गुणसूत्र जादा असल्याने होणाऱ्या डाउन सिंड्रोमचा गोंधळ नेहमीचा. गुणसूत्रे सोनोग्राफीत दिसत नाहीत, फक्त खुणा दिसतात, आणि डाउन असलेल्या अनेक बाळांत पाचव्या महिन्यातही एकही खूण नसते. त्यासाठीची मुख्य चाळणी आधीची: ११ ते १४ आठवड्यांत मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारा एन.टी. स्कॅन आणि सोबत रक्ताची डबल मार्कर तपासणी. तिथे जोखीम जास्त निघाली तर आईच्या रक्तातील गर्भाचा डीएनए तपासतात. पक्के निदान वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढूनच होते. उलट बाजूने, हृदयातला पांढरा ठिपका किंवा मेंदूतली छोटी पाण्याची गाठ रिपोर्टात आली की नातेवाईक हादरतात. बाकी सगळे ठीक असेल तर या एकट्या खुणांना फारसा अर्थ नसतो. मेंदूतली ती गाठ तर बहुधा सातव्या महिन्यापर्यंत आपोआप विरते. रिपोर्ट हातात देताना दोन मिनिटे हे समजावून सांगितले तर कित्येक रात्रींची झोप वाचेल.

भारतात या तपासणीवर गर्भलिंगनिदानाची गडद छाया आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहिल्याची तक्रार घेऊन ‘सेहत’, ‘मासूम’ या महाराष्ट्रातील संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला. आज गरोदरपणातील प्रत्येक सोनोग्राफीआधी ‘एफ फॉर्म’ भरावा लागतो. त्यात आधीची मुले किती, मुलगे किती, मुली किती हेही लिहायचे, आणि मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही यावर सही करायची. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. व्यंग शोधणे कायद्याला मान्य आहे, लिंग सांगणे नाही. यंत्र एकच असल्याने प्रामाणिक डॉक्टरालाही एकेक रकाना जपून भरावा लागतो.

दोष सापडल्यावर काय, हा प्रश्न १९७१ च्या गर्भपात कायद्याने २० आठवड्यांच्या रेषेवर आणून ठेवला होता. २० व्या आठवड्याला तपासणी आणि २० व्याच आठवड्याला मुदत संपणार, असा तो पेच. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असलेल्या मुंबईच्या एका दाम्पत्याने प्रसूतितज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. परवानगी मिळाली नाही, पण प्रश्न देशभर चर्चेत आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर वरची मर्यादा उरली नाही. निर्णय स्त्रीचा, संमती तिची. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. रुग्णालये मात्र अजून ती मागतात.

सगळे दोष गर्भपातापाशी जाऊन थांबत नाहीत. जुळ्यांच्या सामाईक वारेतल्या रक्तवाहिन्या लेसरने बंद करता येतात. कण्याच्या फटीवर २६ आठवड्यांच्या आत गर्भाशयातच शस्त्रक्रिया केली तर निवडक बाळांना फायदा होतो, हे अमेरिकेतील चाचणीने २०११ मध्ये दाखवले. मूत्रपिंडातल्या किंचित सुजेला बहुतेक वेळा नुसते लक्ष ठेवणे पुरते.

ग्रामीण भागात अडचण वेगळीच असते. सरकारी योजनेत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, पण तालुक्याला सोनोलॉजिस्ट नसेल तर पाचव्या महिन्याची पाहणी सातव्यात होते. त्यातच पहिल्या बाळंतपणासाठी सून माहेरी जाते आणि फाइल सासरीच राहते. मूत्रपिंडाच्या सुजेसारखा ‘लक्ष ठेवा’ असा शेरा तिथल्या डॉक्टरांपर्यंत पोचला नाही, तर जन्मानंतर करायची सोनोग्राफी राहून जाते. त्यासाठी माहेरी निघताना सगळे रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड बॅगेत घालावे. आतड्यातला अडथळा, मेंदूत वाढत जाणारे पाणी, खुजेपणाचे काही प्रकार मुळात सातव्या महिन्यानंतरच उघड होतात. तेव्हा वाढीच्या सोनोग्राफीत अवयवांकडे पुन्हा एक नजर टाकली जाते, आणि जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञ बाळाची टाळू, हृदय आणि पाठ पुन्हा तपासतात.