लेझर की राउटर? ‘सीएनसीवर कापून द्या’ म्हणण्याआधी

दुकानाच्या पाटीचं किंवा इमारतीच्या मॉडेलचं काम घेऊन येणारे बरेच जण ‘सीएनसीवर कापून द्या’ एवढंच सांगतात. काही जण ‘लेझर मारून द्या’ म्हणतात. बहुतेकांच्या डोक्यात मशीन एकच असतं, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. लेझर कटर आणि राउटर, दोन्ही कॉम्प्युटरने दिलेल्या आकड्यांवर चालतात, दोन्हींचं डोकं शीटवर आडवं-उभं फिरतं आणि दोन्हींची फाइल बहुधा कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्येच तयार होते. तसं पाहिलं तर दोन्ही सीएनसीच. बाजारात मात्र नुसतं ‘सीएनसी’ म्हटलं की राउटर समजायचा.

राउटरमध्ये मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांनी फिरणारं बिट, म्हणजे धारदार पातं, असतं. ते माल खरवडत, भुसा उडवत पुढे जातं. लेझरमध्ये शीटला काहीच टेकत नाही. पाटीवाल्यांकडे आणि मॉडेलवाल्यांकडे असतो तो सहसा कार्बन डायऑक्साइड लेझर. त्याचा १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण अ‍ॅक्रिलिक आणि लाकूड तो चटकन शोषून घेतात आणि तेवढ्याच रेषेत वितळतात किंवा जळून जातात. हा लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेलांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं. पाटीच्या धंद्यातल्या मराठी माणसाला हे सहसा ठाऊक नसतं.

एक मशीन टेकतं आणि दुसरं टेकत नाही, बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात. देवनागरीत ते जितके उघडे पडतात तितके रोमनमध्ये पडत नाहीत. ‘चिंतामणी’ हे नाव घ्या. तीन इंची अक्षरं, ३ मिमी अ‍ॅक्रिलिक. राउटरला ३ मिमीचं बिट लावलं तर आतल्या प्रत्येक कोपऱ्याला दीड मिमी त्रिज्येची गोलाई येणारच, कारण बिट गोल आहे. णच्या दोन दांड्यांमधला टोकदार कोपरा बोथट होतो. ‘श्री’सारख्या जोडाक्षरात दोन रेघांमधली फट ३ मिमीपेक्षा कमी असेल तर बिट आत शिरतच नाही. सॉफ्टवेअर ती जागा मुकाट्याने सोडून देतं आणि अक्षर भरलेलं बाहेर येतं. शिवाय ‘चिं’वरचा अनुस्वार. तो सुटा, बोटाच्या पेराएवढा तुकडा. शेवटची बाजू कापली जाताना बिट त्याला ढकलतं आणि तो उडून भुशात जातो. म्हणून राउटरवाले बारीक तुकड्यांना टॅब ठेवतात, म्हणजे शीटला धरून राहणारे छोटे पूल, आणि नंतर ते हाताने तोडून घासतात. लेझरच्या चिरेची रुंदी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच, ढकलणं नाहीच, त्यामुळे अनुस्वार जिथल्या तिथे पडून राहतो. लहान मराठी अक्षरांना लेझरच घ्यावा, यात मला शंका वाटत नाही.

फाइलमधला एक घोळ मात्र दोन्हींकडे सारखाच. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्या शिरोरेषेवर किंचित चढतं. पडद्यावर रेघ सलग दिसते. कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून, तशीच फाइल पाठवली की मशीनला प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते आणि ते शिरोरेषेला छेदून उभी चीर मारतं. शब्द म्हणून मागितलेलं नाव अक्षर-अक्षर सुटून हातात येतं. आधी सॉफ्टवेअरमध्येच सगळं वेल्ड करून, म्हणजे एकत्र जोडून, एकच बाह्यरेषा करावी लागते. अक्षरं पत्र्यातून आरपार कापून मागे दिवा लावायचा असेल तर उलटी पंचाईत: म, व, ष यांच्या पोटातले बंद तुकडे गळून पडतात. ते मागच्या दुधी अ‍ॅक्रिलिकवर पुन्हा जागेवर चिकटवावे लागतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर इंग्रजी अक्षरंच कापली, त्यांनाही आता हे शिकावं लागतंय.

मालाच्या बाबतीत काही गोष्टींना तडजोड नाही. एसीपी, म्हणजे दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये प्लास्टिक, या लेझरवर घालायचीच नाही. पत्रा किरण परत फेकतो आणि मधलं प्लास्टिक पेट घेऊ शकतं. राउटर मात्र एसीपी कापतो आणि वर एक करामतही करतो. व्ही आकाराच्या बिटाने मागून खाच पाडायची, पुढचा पत्रा शाबूत ठेवायचा आणि शीट हाताने काटकोनात दुमडायची. दुकानांच्या दर्शनी भागावरच्या त्या सरळ, सांधा न दिसणाऱ्या कडा अशाच येतात.

दुसरा निषिद्ध माल म्हणजे सनबोर्ड म्हणून मिळणारी पांढरी पीव्हीसी फोमशीट. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा क्लोरीनचा. लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो माणसाच्या छातीला वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही, रुळांवर गंज चढतो. ‘एवढासाच तुकडा आहे, मारून द्या’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणावं. जाड एमडीएफचंही, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचंही, तसंच, अर्थात धोका म्हणून नव्हे. १८ मिमी लेझरने कापायला गेलात तर कड कोळशासारखी काळी होते. राउटरला ते रोजचंच काम. स्टीलची अक्षरं हवी असतील तर फायबर लेझर लागतो. त्याच्या किरणाची तरंगलांबी साधारण एक मायक्रॉन असते आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून तो आरपार निघून जातो. म्हणजे नुसतं ‘लेझर आहे का?’ हा प्रश्नही अपुराच.

अ‍ॅक्रिलिकची कड दोन्हींत अगदी वेगळी दिसते. लेझरची कड वितळून थिजलेली असल्यामुळे काचेसारखी चकाकते. राउटरची कड दुधी, खरखरीत. ती चमकवायला बफिंग किंवा ज्योत फिरवणं आलंच. मात्र त्या चकाकीला किंमत आहे. उष्णतेने कडेत ताण राहतो. त्यावर स्पिरिटचा फडका मारला किंवा जोडायला क्लोरोफॉर्म सोडला की केसांसारख्या बारीक भेगा उमटू शकतात. उठावाची पेटी जोडायची असेल तर राउटरची कड जास्त भरवशाची. चकाकणारी कड नुसती दाखवायची असेल तर लेझर घ्या आणि पुसायला साबणाचं पाणी वापरा.

मॉडेलच्या कामात निवड प्रमाणावरून होते. १:२०० ला खिडकीची ५० मिमीची चौकट पाव मिलिमीटर होते. राउटरचं तिथे काम नाही. लेझरलाही तेवढी पट्टी कापून टिकवता येत नाही, म्हणून ती अ‍ॅक्रिलिकवर कोरलेली रेघ म्हणून दाखवतात. इथे कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेलं, अ‍ॅक्रिलिकच मागावं. त्यावर कोरीव भाग पांढरा उमटतो, एक्स्ट्रूडेडवर, म्हणजे दाबून पट्ट्यासारख्या काढलेल्यावर, जवळजवळ दिसत नाही. डोंगरउताराची जागा असेल तर १:५०० ला एक मीटरची समोच्चरेषा म्हणजे बरोबर २ मिमी. तेवढ्या जाडीच्या शीटमधून लेझरने थर कापून एकावर एक रचले की सह्याद्रीची धार पायऱ्यापायऱ्यांनी उभी राहते. पायऱ्या नकोत, सलग उतार हवा, तर एमडीएफच्या जाड ठोकळ्यातून राउटरनेच कोरावा. लेझरला आरपार कापणं आणि वरवर कोरणं छान जमतं. नेमकी ८ मिमी खोली धरून खड्डा करणं त्याचं काम नव्हे.

खाचा घालून जोडायचे भाग असतील तर शीट व्हर्नियरने मोजूनच फाइल करावी. ३ मिमी छापलेली शीट बऱ्याचदा तेवढी भरत नाही. त्यात लेझर चिरेपुरता माल खातो. ३ मिमीची खाच जशीच्या तशी काढली तर भिंत ढिली बसते आणि सगळं मॉडेल डुगडुगतं. लेझरवाल्याकडे जाताना शीटवरचा संरक्षक कागद काढू नका, नाहीतर धुराचे डाग थेट पृष्ठभागावर बसतात.

दराचंही तोलून पाहावं. बऱ्याच ठिकाणी लेझरचा हिशेब मशीनच्या मिनिटांवर असतो आणि राउटरचा रनिंग फुटावर किंवा शीटवर. त्यामुळे जाळीदार नक्षी लेझरला महाग पडते, कारण डोकं तासभर फिरत राहतं. त्याउलट आठ बाय चारच्या शीटमधून दोन फुटी अक्षरं काढायची असतील तर राउटर पटकन मोकळा होतो. एकाच पाटीत दोन्ही वापरायलाही काही हरकत नाही: मागची एसीपी आणि मोठं नाव राउटरवर, खालची पत्त्याची बारीक ओळ लेझरवर. फक्त फाइलमध्ये दोन्हींचे थर वेगळ्या रंगांत ठेवा आणि प्रत्येक थराजवळ माल आणि जाडी लिहून द्या.