चेंडू चकचकीत केला की सरळ जातो?

पुण्याला जाऊन बोलिंग (जड चेंडू लेनवरून घरंगळवत पलीकडच्या दहा पिना पाडायचा खेळ) खेळून येणाऱ्या आपल्या सोलापूरच्या मंडळींत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो: ‘चेंडूला पॉलिश मारा, बोटं घालायची भोकं नव्यानं पाडून घ्या, मग तो सरळच जाईल.’

सल्ला अगदीच निराधार नाही, म्हणूनच तो पटतो. पॉलिशनं घर्षण कमी होतं, हे खरं. पण लेन बघा. फाउल लाइनपासून, म्हणजे फेकताना जी ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट. लेनवर लावलेलं तेल आपल्या बाजूच्या भागात, पिनांजवळचा शेवटचा टप्पा बहुतेक कोरडा. रिअ‍ॅक्टिव्ह आवरणाचा, म्हणजे कोरड्यावर पकड घेणाऱ्या रेझिनचा चेंडू पॉलिश केल्यावर तेलावरून सुळकन घसरतो, वळायची ताकद राखून ठेवतो आणि कोरड्यावर गेला की झटक्यात वळतो. म्हणजे वळण पुढं ढकललं, संपलं नाही! सरळ फेकीसाठी आवरणच प्लॅस्टिकचं, म्हणजे पॉलिएस्टरचं हवं. कोपऱ्यातली एकटी पिन पाडायला जाणकार तोच चेंडू काढतात.

भोकांच्या जागेचा परिणाम होतो, पण आवरणापुढं तो दुय्यम. साध्या गाभ्याच्या प्लॅस्टिक चेंडूत तर फारच थोडा. तिथं बोटं नीट बसणं महत्त्वाचं.

आपल्या चेंडूत भोकांचा नि गाभ्याचा परिणाम किती, याचा पडताळा सोपा आहे. चेंडू पुसून फेका, परत आल्यावर तेलाच्या रेघा बघा. सोलापुरी चादरीच्या काठासारखे वेगवेगळे पट्टे दिसले, तर फिरताना चेंडूचा आस सरकतोय. जवळजवळ एकच रेघ असेल, तर सरकत नाही. तरीही चेंडू वळत असेल, तर आधी स्वतःचं मनगट तपासा. माझं तरी तिथंच चुकत होतं.