शेवट आधीच ठरला होता का? विज्ञानकथा मालिकांच्या सीझन फिनालेवरील वादांची पार्श्वभूमी

(पुढे अनेक मालिकांचे शेवट उघड केले आहेत.)

विज्ञानकथा मालिकेचा सीझन संपला की चाहत्यांचा वाद कुठूनही सुरू होवो, थोड्याच वेळात तो एका प्रश्नापाशी येऊन थांबतो: लेखकांनी हे आधीपासून ठरवलं होतं, की ऐनवेळी जुळवलं? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर बहुतेक जण पडद्यावरच्या कथेत शोधतात. ते सापडतं दुसरीकडे. पटकथा लिहिली जात असताना पुढचा सीझन मिळणार हे माहीत होतं का, किती भाग हातात होते, कोणत्या कलाकाराचा करार संपत होता, हे कळलं की निम्मे वाद मिटतात आणि उरलेले जास्त रंगतात.

मुळात मालिकेला शेवट असावा ही अपेक्षाच तशी नवी आहे. १९६०च्या दशकात अमेरिकी मालिका एक दिवस बंद होत, संपत नसत. मूळ वाहिनीवरून उतरलेली मालिका स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकली जाई आणि ती केंद्रं भाग हव्या त्या क्रमाने दाखवत. कथा कायमची मिटली तर जुने भाग कोण बघणार, ही भीती होती. 'द फ्युजिटिव्ह' या मालिकेने २९ ऑगस्ट १९६७ रोजी ठरवून शेवट दाखवला आणि तो सुमारे ७ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला, तेव्हा या समजुतीला पहिला तडा गेला. ती विज्ञानकथा नव्हती. त्याच काळातल्या 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचा लढा शेवटासाठी नव्हता, मालिका जगावी यासाठी होता. पत्रांचा इतका वर्षाव झाला की १ मार्च १९६८ रोजी एनबीसी या वाहिनीने भाग संपताच मालिका पुढे चालू राहणार असल्याचं पडद्यावरून जाहीर केलं. तिसऱ्या सीझनमुळे एकूण ७९ भाग झाले आणि रोजच्या पुनःप्रक्षेपणाला पुरेल एवढा साठा तयार झाला. ३ जून १९६९चा शेवटचा भाग मात्र इतर कुठल्याही भागासारखाच आहे. एंटरप्राइझ या अंतराळयानाची पाच वर्षांची मोहीम पडद्यावर संपतच नाही.

शेवटावरून खरा गदारोळ उठला तो ब्रिटनमध्ये. 'द प्रिझनर'चा सतरावा आणि अखेरचा भाग फेब्रुवारी १९६८मध्ये दाखवला गेला. पॅट्रिक मॅकगूहन मुख्य भूमिकेत होता आणि हा भाग त्याने स्वतः लिहून दिग्दर्शितही केला. नायक हेर 'व्हिलेज' नावाच्या गावात कैद असतो; तिथला न दिसणारा प्रमुख 'नंबर वन' कोण, याचं उत्तर प्रेक्षकांना हेरकथेच्या चौकटीत हवं होतं. मिळालं ते असं: मुखवट्याखाली माकडाचा मुखवटा, आणि त्याखाली नायकाचाच चेहरा. लोक चिडले. पण अजूनही वाद चालतो तो शेवटच्या काही क्षणांवर. नायक लंडनच्या घरी परततो तेव्हा दार आपोआप उघडतं, अगदी 'व्हिलेज'मधल्या दारांसारखं. मग तो सुटला की नाही? या शेवटाने एक पायंडा पाडला. उत्तर न देणं हेही उत्तर असू शकतं, आणि त्याचा पुरावा दाराच्या हालचालीएवढ्या लहान तपशिलात शोधावा लागतो.

'ब्लेक्स सेव्हन' या ब्रिटिश मालिकेचा शेवट (२१ डिसेंबर १९८१, नाताळच्या चार दिवस आधी) याच पद्धतीने तपासला गेला. एव्हनच्या हातून त्याच्या बंडखोर टोळीचा जुना नेता ब्लेक मारला जातो, मग टोळीतले बाकीचे एकेक करून कोसळतात, एव्हन बंदूक उचलून हसतो, पडदा काळा होतो आणि श्रेयनामावलीवर गोळ्यांचे आवाज येतात. ब्लेकच्या जखमेतून रक्त वाहताना स्पष्ट दिसतं, इतर मात्र नुसतेच कोसळतात. ब्लेक झालेल्या गॅरेथ थॉमसला पुन्हा परतायचं नव्हतं, त्यामुळे त्याचा मृत्यू निःसंशय हवा होता. बाकीच्यांसाठी फट ठेवली होती. पाचवा सीझन आलाच नाही आणि त्या फटीत चाहत्यांनी चार दशकं स्वतःच्या कथा भरल्या.

सीझनच्या अखेरीस कथा लटकती ठेवण्याची पद्धत, म्हणजे क्लिफहँगर, कशी रुजली हे समजायला अमेरिकी वाहिन्यांचं वेळापत्रक पाहावं लागतं. सीझन सप्टेंबर ते मे. नील्सन कंपनीची सविस्तर प्रेक्षकमोजणी नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलैमध्ये होई आणि तिच्यावर स्थानिक केंद्रांचे जाहिरातदर ठरत. म्हणून मोठ्या घटना मे महिन्यासाठी राखून ठेवल्या जात. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक वाहिन्या मेच्या मध्यावर जाहिरातदारांपुढे मांडत, तर फिनालेचं चित्रीकरण सहसा मार्च-एप्रिलमध्ये उरकलेलं असे. म्हणजे शेवटचं दृश्य लिहिताना मालिका वाचणार की नाही हे अनेकदा लेखकांना ठाऊकच नसायचं. नव्या मालिकेला तर आधी १३ भागांची मागणी आणि प्रतिसाद बरा असेल तर आणखी ९, अशी २२ची बेरीज असे. पहिल्या सीझनच्या बाराव्या-तेराव्या भागात अचानक मोठं वळण दिसतं, त्यामागे बहुधा हेच गणित असतं.

'डॅलस'ने १९८०मध्ये जे.आर. या पात्रावर गोळी कोणी झाडली हे आठ महिने लपवून ठेवलं (कलाकारांच्या संपाने ही वाट आणखी लांबवली) आणि उत्तराच्या भागाला सुमारे ८ कोटी ३० लाख अमेरिकी प्रेक्षक मिळाले. विज्ञानकथेत हे तंत्र सर्वांत परिणामकारक ठरलं 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मध्ये. १८ जून १९९० रोजी तिसरा सीझन संपला तो बॉर्ग या अर्धयंत्र शत्रूंच्या ताब्यात गेलेल्या कॅप्टन पिकार्डवर आणि त्याच्यावरच मारा करण्याच्या त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याच्या, रायकरच्या, हुकुमावर. उत्तर आलं २४ सप्टेंबरला, बरोबर चौदा आठवड्यांनी. त्या उन्हाळ्यात पिकार्ड मरणार का यावर जोरदार अंदाज चालले. दुसरा भाग पहिल्याएवढा चढत नाही, अशी तक्रार आजही ऐकू येते: डेटा हा यंत्रमानव पिकार्डच्या दुव्यातून बॉर्गला झोपेचा आदेश देतो आणि संकट टळतं. कारण सरळ आहे. मायकेल पिलरने पहिला भाग लिहिला तेव्हा यातून सुटका कशी करायची हे त्याने ठरवलंच नव्हतं. पुढच्या सीझनला आपण असू की नाही, याचीही त्याला खात्री नव्हती. लेखकाचीच अडचण कथेत उतरली, आणि माझ्या मते पहिल्या भागातला ताण म्हणूनच इतका खरा वाटतो.

याच्या अगदी उलट टोकाला 'बॅबिलॉन ५'. जे. मायकेल स्ट्राझिन्स्कीने सुरुवातीपासून पाच सीझनची कथा आखली आणि हे आधीच जाहीरही केलं. प्रत्येक मुख्य पात्रासाठी त्याने बाहेर पडण्याची वाट राखून ठेवली होती. कलाकार सोडून गेला तर कथा मोडू नये, दुसऱ्या पात्राकडे वळावी. पहिल्या सीझननंतर मुख्य भूमिकेतला मायकेल ओहेअर मालिका सोडून गेला तेव्हा ही तजवीज कामी आली. तरी आराखडा डळमळलाच. चौथ्या सीझनच्या वेळी मालिका बंद पडणार असं दिसू लागल्यावर स्ट्राझिन्स्कीने पाचव्या सीझनमधलं कथानक पुढे ओढलं. सावल्यांशी, म्हणजे 'शॅडोज' या परग्रही शत्रूंशी, चाललेलं युद्ध २२पैकी सहाव्याच भागात संपलं आणि मालिकेचा अखेरचा भाग चौथ्या सीझनसोबतच चित्रित झाला. मग टीएनटी वाहिनीने पाचवा सीझन घेतला, तो भाग बाजूला ठेवून चौथ्याच्या शेवटी नवा भाग बनवला गेला, आणि मूळ शेवट २५ नोव्हेंबर १९९८ रोजी दाखवला. म्हणूनच पाचव्या सीझनमध्ये कुठेही नसलेली अधिकारी इव्हानोवा अखेरच्या भागात आहे आणि वर्षभर अंतराळस्थानकाची सूत्रं सांभाळणारी लॉकली त्यात नाही. पाचव्या सीझनचा पूर्वार्ध रेंगाळतो, या तक्रारीचं मूळही तिथेच आहे: महत्त्वाचं बरंचसं आधीच खर्ची पडलं होतं.

याच मालिकेभोवती वाद घालण्याचे नियमही घडले. स्ट्राझिन्स्की यूझनेट या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर चाहत्यांना स्वतः उत्तरं देई. एका चाहत्याने मांडलेली कल्पना तिसऱ्या सीझनच्या एका नियोजित पटकथेशी जुळली, तेव्हा ती पटकथा लेखी परवानगी येईपर्यंत अडकून पडली. त्यानंतर त्याच्या उपस्थितीत कथाकल्पना मांडायच्या नाहीत, हा नियम कडक झाला. त्यातच दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनचे शेवटचे काही भाग अमेरिकेआधी ब्रिटनमध्ये दाखवले गेले. त्यामुळे भाग न पाहिलेल्यांना कथा कळू नये म्हणून मजकुराच्या आधी वीसेक ओळी मोकळ्या सोडणं, किंवा प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवून लिहिणं, असे उपाय नित्याचे झाले. अक्षरं सव्वीस असल्यामुळे तीच कृती पुन्हा केली की मजकूर मूळ रूपात येतो.

मालिका अचानक बंद झाली की काय होतं, याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत. 'क्वांटम लीप' (५ मे १९९३) संपते ती काळप्रवासात अडकलेला नायक सॅम कधीच घरी परतला नाही असं सांगणाऱ्या एका पाटीवर, आणि त्या पाटीवर नायकाच्या आडनावातलं एक अक्षर गळलेलं आहे. हा शेवट मालिकेचाच असेल हे कथा बेतताना पक्कं नव्हतं. 'फारस्केप' चौथ्या सीझनचं चित्रीकरण चालू असताना रद्द झाली. नायक-नायिकेचे तुकडे होऊन पाण्यात विखुरतात आणि पडद्यावर 'क्रमशः' येतं, तो भाग २१ मार्च २००३चा. चाहत्यांनी मोहीम चालवली आणि ऑक्टोबर २००४मध्ये दोन भागांची लघुमालिका काढून कथा पूर्ण केली गेली.

सर्वांत कडवे वाद मात्र २००९ आणि २०१०चे. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या सुरुवातीच्या शीर्षकात सायलॉनांकडे, म्हणजे माणसांच्या यंत्रमानव शत्रूंकडे, एक योजना आहे असं लिहिलेलं असे. ती ओळ आकर्षक वाटली म्हणून घातली होती, सविस्तर योजना नव्हती, हे मालिकेचा कर्ता रोनाल्ड डी. मूरने नंतर सांगितलं. माणसांत लपलेले 'अंतिम पाच' सायलॉन कोण हेही उशिरा ठरलं. २००७-०८च्या लेखकांच्या संपात मालिका तिथेच संपेल अशी भीती होती, म्हणून उद्ध्वस्त पृथ्वी सापडते तो टप्पा इतका शेवटासारखा वाटतो. २० मार्च २००९च्या खऱ्या शेवटात वैमानिक स्टारबक हवेत विरून जाते, उरलेली सगळी माणसं तंत्रज्ञान टाकून देतात आणि १,५०,००० वर्षांनंतर माणूस आणि सायलॉन यांची मुलगी हेरा ही 'मायटोकॉन्ड्रियल ईव्ह' असल्याचं कळतं. इथे विज्ञानाचा आक्षेप नीट मांडायला हवा. मायटोकॉन्ड्रियल ईव्ह म्हणजे आजच्या सर्वांची आईकडून आईकडे जाणारी अखंड रेषा जिथे मिळते ती स्त्री. ती पहिली स्त्री नव्हे आणि एकमेव पूर्वजही नव्हे. तिच्या काळच्या इतरांचे वंशजही आज असू शकतात, फक्त त्यांची निव्वळ मातृरेषा कुठेतरी तुटलेली असते. हेराशिवाय बाकी सगळे निर्वंश झाले, हा चाहत्यांचा निष्कर्ष म्हणून चुकीचा आहे. शेवटात दैवी हस्तक्षेप आहे हा आक्षेप वेगळा. त्यावर मालिकेची बाजू अशी की तिने पहिल्या लघुमालिकेपासूनच देवाचा उल्लेख लपवला नव्हता. मला ही बाजू पटते. तंत्रज्ञान एकमुखाने सोडून देण्याचा निर्णय मात्र पटत नाही.

विमान कोसळून बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या 'लॉस्ट'चा पहिला सीझन मे २००५मध्ये जमिनीत सापडलेलं झाकण उडवून खाली नुसतं भुयार दाखवत संपला, तेव्हाच विश्वासाचा प्रश्न निर्माण झाला होता. तिसऱ्या सीझनमध्ये नायक जॅकच्या गोंदणाची कथा सांगणारा भाग आला आणि लेखकांनी तोच वाहिनीपुढे पुरावा म्हणून वापरला: शेवटची तारीख ठरवली नाही तर असेच भाग येत राहतील. मे २००७मध्ये घोषणा झाली की उरलेले ४८ भाग १६-१६च्या तीन सीझनमध्ये येतील आणि मालिका २०१०मध्ये संपेल. लेखकांच्या संपामुळे चौथ्या सीझनला १४ भाग मिळाले आणि बाकीचे पुढे ढकलले गेले. २३ मे २०१० रोजी शेवट झाला, आणि 'ते सगळे सुरुवातीपासून मेलेलेच होते' हा गैरसमज जगभर पसरला. वास्तविक त्याच भागात जॅकचे वडील ख्रिश्चन शेफर्ड त्याला सांगतात की त्याच्या बाबतीत जे घडलं ते सगळं खरं होतं. फक्त सहाव्या सीझनचा समांतर प्रवाह मृत्यूनंतरचा आहे. गोंधळात भर घातली ती श्रेयनामावलीखाली दिसणाऱ्या विमानाच्या अवशेषांनी. ती दृश्यं वाहिनीने पुढच्या बातम्यांआधी प्रेक्षकांना क्षणभर उसंत मिळावी म्हणून जोडली होती. ती लेखकांच्या कथेचा भाग नव्हती.

स्ट्रीमिंगने मेची मोजणी संपवली, अनिश्चितता नाही. बारान बो ओदार आणि यान्त्ये फ्रीझे यांची 'डार्क' तीन सीझनमध्ये ठरल्याप्रमाणे संपली, आणि शेवटचा सीझन आला तो कथेतल्या विनाशाच्याच दिवशी, २७ जून २०२०ला. याच दोघांची '१८९९'ही तीन सीझनसाठी आखलेली होती. नोव्हेंबर २०२२मध्ये आली, जहाजाचं अंतराळयान झालं आणि जानेवारी २०२३मध्ये रद्द झाली. 'सेव्हरन्स'चा दुसरा सीझन जाहीर झाला तो पहिल्याचा फिनाले दिसण्याच्या दोनच दिवस आधी, एप्रिल २०२२मध्ये. फिनालेचं चित्रीकरण तेव्हा केव्हाच संपलं होतं. नायक मार्क खोलीत ओरडतो तिथेच कथा कापणारा तो शेवट मंजुरीच्या हमीशिवाय लिहिला होता, हे धाडस लक्षात घ्यायला हवं. पुढचा भाग १७ जानेवारी २०२५ रोजी आला; मधल्या काळात २०२३चे लेखक आणि कलाकारांचे संप झाले.

म्हणून एखाद्या फिनालेवर भूमिका घेण्याआधी चार गोष्टी पडताळाव्यात. पुढच्या सीझनची मंजुरी कधी आली, आणि ती प्रक्षेपणाच्या नव्हे तर चित्रीकरणाच्या तारखेशी ताडून पाहावी. भाग कोणत्या क्रमाने बनले. इव्हानोवाचं कोडं निव्वळ यानेच सुटतं. मुलाखत प्रक्षेपणाआधीची आहे की नंतरची, कारण नंतरच्या मुलाखतीत योजना नेहमीच जास्त पक्की वाटते. आणि दोघांनी पाहिलेली आवृत्ती एकच आहे का: 'गॅलॅक्टिका'चा शेवट डिस्कवर वाढीव दृश्यांसह आहे, आणि 'लॉस्ट'चा बारा मिनिटांचा उपसंहार फक्त डिस्कच्या संचासाठी काढला होता. तो न पाहता बेटावरच्या ध्रुवीय अस्वलांचा खुलासा मिळालाच नाही असं म्हणणारा आणि तो पाहिलेला, दोघेही आपापल्या प्रतीपुरते बरोबर असतात.