अकूस्टिक न्यूरोमा : चक्कर आणि उपचारांची निवड

अकूस्टिक न्यूरोमा म्हणजे आतल्या कानातून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर वाढणारी गाठ. ही गाठ कर्करोगाची नसते. नाव ऐकण्यावरून पडले असले तरी ती बहुतेक वेळा तोल सांभाळणाऱ्या तंतूच्या आवरणातील श्वान (Schwann) पेशींपासून तयार होते. म्हणून डॉक्टर तिला व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. एका कानाने कमी ऐकू येणे, त्याच कानात सतत आवाज येणे आणि चालताना झोक जाणे ही नेहमीची लक्षणे. गरगरून येणारी चक्कर त्यामानाने कमी आढळते.

कोल्हापुरात चक्कर म्हटली की पित्त, बीपी नाहीतर मानेचा मणका, असेच आधी धरले जाते. पण फोन नकळत दुसऱ्या कानाला लावायची सवय लागली असेल आणि तोलही जात असेल, तर श्रवणचाचणी आणि गॅडोलिनियम (गाठ चित्रात उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन केलेला एमआरआय टाळू नये.

गाठ लहान असेल तर ६ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी एमआरआय करून नजर ठेवता येते. अनेक गाठी वर्षानुवर्षे वाढतच नाहीत. सुमारे ३ सेंमीपर्यंतच्या वाढत्या गाठीला रेडिओसर्जरी, म्हणजे चिरफाड न करता नेमक्या गाठीवर किरण सोडण्याचा उपचार, चालतो. एका बैठकीत साधारण १२ ते १३ ग्रे (किरणमात्रेचे एकक) इतकी मात्रा देतात. त्याने गाठ निघत नाही, बहुतेक वेळा वाढ थांबते. हे किरण देणारी गॅमा नाइफ यंत्रे देशात मोजकीच असल्याने कोल्हापूरकरांना त्यासाठी मुंबईसारख्या मोठ्या शहराची वाट धरावी लागते. मेंदूच्या खोडावर दाब आला असेल तर मात्र शस्त्रक्रियाच. कानामागच्या हाडातून आतल्या कानातून वाट काढली तर त्या कानाचे ऐकणे कायमचे जाते. चेहऱ्याच्या नसेलाही धोका असतो.

घरचे लोक “गाठ काढली की चक्कर थांबेल ना?” असे विचारतात. याचे खात्रीचे ‘हो’ कुठल्याच उपचारात नाही, आणि ते आधीच स्पष्ट सांगायला हवे. शस्त्रक्रियेत तोलाचा तंतू कापला गेला की पहिले काही दिवस चक्कर उलट वाढते. किरणोपचारानंतरही काही काळ त्रास वाढू शकतो. पुढे मेंदू दुसऱ्या कानावर आणि डोळ्यांवर भिस्त ठेवून तोल सावरायला शिकतो. अंगठ्यावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवण्यासारखे व्यायाम आणि रंकाळ्याच्या काठाने कुणाच्या सोबतीने रोज चालणे याला मदत करते. दिवे गेल्यावर अंधारात पाय अडखळतो, म्हणून रात्री बॅटरी उशाशी हवी. पंचगंगेत पोहणाऱ्याने तर विशेष जपावे: पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे होऊ शकते.