वाहनमुक्त सायकलमार्ग (बेळगाव आणि सीमाभाग)

मोटारी, ट्रक, रिक्षा आणि मोटारसायकली यांना मज्जाव असलेला, बागेतून, नाल्याच्या किंवा तळ्याच्या काठाने, कालव्याच्या कडेने, बंद पडलेल्या रेल्वेच्या भरावावरून किंवा शिवारातल्या पाणंदीतून (शेतांमधल्या गाडीवाटेतून) जाणारा सलग रस्ता म्हणजे वाहनमुक्त सायकलमार्ग. बहुतेक ठिकाणी तो पादचाऱ्यांनाही खुला असतो. मोठ्या रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढून सायकलींसाठी राखलेली जागा या व्याख्येत बसत नाही. बागेत गोल फेऱ्या मारण्यासाठी केलेला ट्रॅक हा फार तर अशा मार्गाचा एक तुकडा. ज्या रस्त्याने आठवीतली मुलगी घरून निघून एकटी शाळेत पोहोचते आणि आईवडिलांच्या जिवाला घोर लागत नाही, तो खरा सायकलमार्ग.

वाहने पूर्ण बंद ठेवण्यामागे साधे गणित आहे. गाडीचा वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटर झाला की तिच्या धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. सायकलस्वाराभोवती पत्रा नसतो, पट्टा नसतो. त्यामुळे वेगवान वाहनांपासून त्याला वेगळे काढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. शिवाय झाडांखालून जाणारा रस्ता उन्हाळ्यात थंड राहतो, धूर कमी लागतो, आणि मुख्य म्हणजे सायकल शिकायला भीती वाटत नाही.

जगात हे मार्ग कसे उभे राहिले हे पाहताना त्यांना जागा कुठून मिळाली, हे बघण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधली रेल्वे बंद पडली. तिच्याच जागेवर १९७९ ते १९८६ या काळात सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग तयार झाला आणि पुढे त्या देशाच्या सायकलमार्गांच्या जाळ्याची सुरुवात तिथूनच मानली गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात त्याआधीच, १९६० च्या दशकात, जुन्या रेल्वेवर असा मार्ग झाला होता. सिंगापूरने १९९० च्या दशकापासून पाण्याच्या चरांलगतच्या आणि रस्त्याकडेच्या हिरव्या पट्ट्या जोडत उद्याने एकमेकांना बांधली. हे जाळे आता ३०० किलोमीटरच्या पुढे गेले आहे. न्यूयॉर्कने २०१८ मध्ये सेंट्रल पार्कमधले जुने रस्तेच मोटारींना बंद केले. कोलंबियाची राजधानी बोगोटा १९७४ पासून रविवारी मोठे रस्ते काही तासांपुरते सायकलींना मोकळे करते. शंभराहून अधिक किलोमीटरच्या त्या रस्त्यांवर सारे शहर लोटते. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यांवर मरणाऱ्या मुलांसाठी पालक उभे राहिले आणि त्या चळवळीतून देशाचे रस्तेच बदलले. यांतल्या बहुतेक ठिकाणी सार्वजनिक मालकीची जागा आधीपासून पडून होती किंवा मोटारींच्या ताब्यात होती. ती नव्याने वापरली गेली.

भारतात २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे असे म्हटले. म्हैसूरमध्ये २०१७ साली ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली. हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्यालगत २०२३ मध्ये सौरपॅनेलच्या छपराखालचा सुमारे २३ किलोमीटरचा ट्रॅक झाला. बंगळूरच्या कब्बन पार्कात रविवारी वाहने बंद ठेवण्याची प्रथा पडली, आणि कर्नाटकातल्या कुठल्याही मध्यम शहराला कमी खर्चात उचलता येईल असा धडा यांतून घ्यायचा तर तो कब्बन पार्कचाच आहे.

बेळगावची ठेवण

समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरचे बेळगाव सायकलीसाठी घडवल्यासारखे शहर आहे. चढउतार आहेत, पण दमवणारे नाहीत. उन्हाळाही फार कडक नसतो. एके काळी शहापूर, खासबाग, वडगावातले विणकर, कडोली-कंग्राळीकडचे भाजीवाले आणि आसपासच्या खेड्यांतले दूधवाले सायकलीवरूनच गावात येत. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन दांडीखालून पाय घालत शिकलेली पिढी अजून इथे आहे. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव होते आणि त्या योजनेतून रस्ते, पदपथ, उद्याने यांबरोबर सायकल ट्रॅकची कामेही झाली. पण सुटे सुटे ट्रॅक कितीही चांगले बांधले तरी ते कुठेतरी सुरू होऊन कुठेतरी संपतात. बेळगावात जागा आहे. तुकडे एकमेकांना जोडायचे राहिले आहेत.

हे तुकडे कोणते, ते नकाशा न उघडताही सांगता येतात. कॅम्पातले, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातले, रुंद, जुन्या झाडांच्या सावलीतले रस्ते. किल्ल्याचा खंदक आणि त्याच्या जवळचा किल्ला तलाव, जिथे ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे. रेसकोर्सचा मोकळा परिसर. टिळकवाडीतून रेल्वेला समांतर जाणारा काँग्रेस रोड आणि रुळांच्या बाजूची पट्टी. दक्षिणेला बळ्ळारी नाल्याचे काठ. आणि शहराबाहेर पडल्यावर येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, हलग्याच्या शिवारातल्या पाणंदी.

यांतला प्रत्येक तुकडा वेगळ्या मालकाचा आहे, आणि खरी अडचण इथेच येते. कॅम्पाचा कारभार कँटोन्मेंट बोर्डाकडे आणि तिथली बरीच जमीन लष्कराची. रुळालगतची पट्टी रेल्वेची. गावातले रस्ते महापालिकेचे. पाणंद कधी ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तर कधी दोन गावांच्या शिवेवर. चार-पाच किलोमीटरच्या मार्गाला चार कार्यालयांची संमती लागते. ब्रिस्टलच्या मार्गाला एका बंद रेल्वेची सलग जागा मिळाली. बेळगावात मार्ग व्हायचा तर आधी या सगळ्यांना एका टेबलाशी बसवावे लागेल. कॅम्पात तर काहीच बांधावे लागणार नाही. रविवारी पहाटेपासून नऊपर्यंत दोन-तीन रस्ते वाहनांना बंद केले तरी पुरे.

व्हॅक्सिन डेपोचा विचार वेगळा करायला हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देवीच्या लशीसाठी उभी राहिलेली ही जागा आज टिळकवाडीकरांच्या फिरण्याची, मुलांच्या खेळण्याची जागा आहे. तिथली झाडे तोडण्याला आणि बांधकामांना नागरिकांनी विरोध केला, आणि तो रास्त होता. अशा जागेतून सायकलमार्ग न्यायचा तर पायाखाली आधीच पडलेल्या वाटांवरूनच न्यावा. झाड तोडून, फरशी घालून, दिव्यांचे खांब ओळीने रोवून केलेला सायकलमार्ग हिरवा राहत नाही. उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा राखण्यासाठी कर्नाटकात १९८५ चा कायदा आहे. मार्ग आखणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

पाणंदी

सीमाभागात सर्वांत मोठी संधी पाणंदींत आहे. बैलगाडीच्या रुंदीच्या, दोन्ही बाजूंना बांध आणि झुडपे असलेल्या या वाटा गावागावांना जोडतात आणि डांबरी रस्त्यापेक्षा अनेकदा जवळच्या पडतात. येळ्ळूरचा शाळकरी मुलगा वडगावात यायला मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांच्या शेजारून सायकल मारतो, तेव्हा त्याच्या डाव्या-उजव्या हाताला भातशेतांतून अशा वाटा गेलेल्या असतात. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून सरकारी व अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांना मोफत सायकली दिल्या. त्या सायकली मराठी शाळांतल्या मुलांच्याही हाती आल्या. त्या चालवायला निर्धास्त रस्ता मात्र त्यांना मिळाला नाही.

या भागात जमिनीचा विषय नाजूक आहे. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन जाणार म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे लढले. त्यामुळे सायकलमार्गाच्या नावाखाली गुंठाभरही शेत घेता कामा नये; पाणंद आहे त्या रुंदीतच सुधारायची. शेतकऱ्याची बैलगाडी, ट्रॅक्टर, नांगर त्याच वाटेने जाणार, आणि ते गेलेच पाहिजेत. जर्मनीत बरेच शेतरस्ते शेतीच्या वाहनांना आणि सायकलींना खुले, बाकी मोटारींना बंद असतात. पाणंदीला हाच नियम योग्य.

पृष्ठभागाचा प्रश्न इथे माती ठरवते. शहराच्या पश्चिमेला, जांबोटी-खानापूरकडे, तांबडी माती आणि जांभा. तिथे दाबून बसवलेला मुरूम पाण्याला वाट दिली की टिकतो. येळ्ळूर-वडगावची काळी माती मात्र पावसात वेगळीच वागते. पहिल्या पाचपन्नास पावलांत ती टायरला चिकटते, मग मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये ठासून बसते, ब्रेकच्या गुटक्यांत अडकते आणि चाक फिरेनासे होते. काडीने खरवडून पुन्हा बसावे तर दहा पावलांवर तेच. शेवटी सायकल खांद्यावर. शहरात वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून काळ्या रानातली पाणंद खडी-मुरूम भरून उंच उचलावी लागते, मध्ये थोडा फुगवटा आणि दोन्ही कडांना चर ठेवावे लागतात. बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात शेतांत शिरते, त्यामुळे भराव घालताना पाणी अडणार नाही इतक्या मोऱ्या ठेवायलाच हव्यात. नाहीतर सायकलमार्ग शेजारच्या भातावर उठेल. पेव्हर ब्लॉक मात्र टाळावेत. वर्षभरात ते वरखाली होतात आणि सायकलस्वाराच्या मनगटांना प्रत्येक सांधा जाणवतो.

घटप्रभेच्या कालव्यांच्या कडेने हुक्केरी, गोकाक, रायबाग, चिकोडी या भागांत तपासणीसाठी ठेवलेल्या वाटा आहेत. लांब, सपाट आणि वाहनांनी फारशा न वापरलेल्या अशा या वाटा सायकलीला सोयीच्या आहेत, पण उघड्या पाण्याच्या बाजूला कठडा नसेल तर मुलांसाठी धोक्याच्या. खानापूरच्या जंगलातल्या वाटा वनखात्याच्या अखत्यारीत येतात आणि भीमगड अभयारण्याच्या परिसरात रोजच्या वापराचा मार्ग काढू नये हेच बरे.

आखणी आणि दुचाकींचा प्रश्न

दोन्ही दिशांनी सायकली जाणार असतील तर किमान तीन मीटर रुंदी लागते; एका दिशेला दोन मीटर चालतात. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे मार्ग जिथे मोठा रस्ता ओलांडतो ती. तिथे सायकलमार्गाची पातळी कायम ठेवून रस्ता उंचावून घ्यावा, म्हणजे चढ गाडीला लागतो आणि तिचा वेग आपोआप पडतो. टिळकवाडीत रेल्वेगेट पडले की दोन्ही बाजूंना मोटारसायकली अगदी समोरून येणाऱ्यांच्या जागेपर्यंत पसरतात, आणि गेट उघडताच सगळे एकदम सुटतात. त्या गर्दीत सायकलवरचा मुलगा कुठे राहील याचा विचार करून तिथे वेगळी वाट काढावी लागेल.

युरोपातल्या आखण्या जशाच्या तशा इथे चालत नाहीत, याचे कारण मोटारसायकल. जिथून सायकल जाते तिथून ती जातेच. खांब जवळ जवळ रोवले किंवा नागमोडी लोखंडी अडसर बसवला तर अडकते कोण? चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती, तीनचाकी सायकलवरचा माल आणि कॅरेजच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला. मोटारसायकलवाला हँडल तिरके करून निघून जातो. त्यामुळे मोटारीपुरते खांब पुरेसे मानावेत आणि बाकीचे काम माणसांच्या राबत्यावर सोडावे. ज्या वाटेवर सकाळी फिरणारे, दुपारी शाळेची मुले आणि संध्याकाळी बायका असतात, तिथे मोटारसायकल घालायला माणूस बिचकतो. सुरुवातीचे काही महिने पोलिसांनी दंड केला तर सवय लवकर लागते. विजेच्या दुचाकींबाबत नियम स्पष्ट आहे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत वजनाच्या गाड्या केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहनात मोडत नाहीत. तरीही गर्दीच्या बागेतल्या मार्गावर त्या येऊ द्याव्यात का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरवणे शहाणपणाचे.

फलक कन्नडबरोबर मराठीतही असावेत. वडगाव-येळ्ळूरची आजी, उचगावचा शेतकरी, मराठी शाळेतली मुले या मार्गाचे रोजचे वापरकर्ते असतील, आणि ‘पुढे नाला, सावकाश’ ही सूचना त्यांना एका नजरेत कळली पाहिजे.

देखभालीचा खर्च बांधकामाइतका दिसत नाही म्हणून तो पहिला कापला जातो. श्रावणात काँग्रेस गवत दोन्ही बाजूंनी आत सरकते आणि तीन मीटरची वाट दीड मीटरची होते. बांधावरच्या बाभळी छाटल्या की काटे वाटेवर पडतात. ते झाडून काढले नाहीत तर पहिल्याच दिवशी पंक्चर. म्हणून गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा कडेची छाटणी, चरांतला गाळ उपसणे आणि खचलेल्या जागी मुरूम भरून दाबणे, एवढी तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी धरावी लागते.